नऊ होड्यांची यादी

मे २००५ मधला शेवटचा शनिवार. मंजूर झालेली रक्कम तेरा हजार पाचशे रुपये. हजर माणसं आठ: नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, एक अभियंता, आरोग्य निरीक्षक, दोन नगरसेवक, पूर आल्यास ज्यांच्या शाळेत लोकांना ठेवायचं होतं ते मुख्याध्यापक, टिपण घेणारा लिपिक आणि नागरिकांच्या वतीने मी. पावसाळ्यापूर्वीच्या आपत्कालीन तयारीची ही बैठक. ती पन्नास मिनिटं चालली आणि त्यातली वीस मिनिटं नालेसफाईवरच्या भांडणात गेली. रक्कम नऊ होड्यांसाठी होती, दर होडीला हंगामाचे दीड हजार. पाणी भरलं तर नगरपरिषदेचा निरोप मिळताच होडी घेऊन यायचं, असं ठरलं. होडीवाल्यांपैकी कुणालाही बैठकीला बोलावलं नव्हतं. मला ते तेव्हा खटकलं नाही.

वसई-विरार पट्ट्यात त्या वेळी चार नगरपरिषदा होत्या आणि जिल्हा ठाणे होता. चारांपैकी आमची कोणती ते लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात नगरपरिषदेचा वाटा होता, पण त्या नऊ होड्यांची यादी माझी होती. माझ्या अक्षरातली.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. मुंबईत एका खाजगी कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करायचो आणि आमच्या सोसायटीचा सचिव होतो. इमारत रेल्वेच्या पूर्वेला, तळमजला अधिक तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. जागा मुळात खाजणाची, भराव घालून वर आणलेली. दर पावसाळ्यात कंपाउंडमध्ये पाणी साचायचं आणि मी जिन्याच्या भिंतीवर रंगाने रेघ मारून वर्ष लिहायचो. सहा रेघा होत्या. शेवटच्या तिन्ही आधीच्या तिन्हींपेक्षा वर होत्या. बिल्डिंगमधले लोक याला माझं वेड म्हणायचे.

मी या कामात पडलो त्याला कारण तळमजल्यावरचं एक बिऱ्हाड. नवरा-बायको दोघंच, मूल नाही. तो छापखान्यात होता, रत्नागिरीकडचा. मी साताऱ्याचा. अकरा वर्षांचा शेजार. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला, तिला डायलिसिससाठी पश्चिमेच्या सेंटरवर न्यावं लागायचं. आदल्या पावसाळ्यात एका मंगळवारी रस्ता तुंबला आणि ती बुधवारी पोचली. डॉक्टर तेव्हा तिच्या नवऱ्याला म्हणाले होते, ‘‘एक दिवस निभावला. पुढची पाळीपण चुकली तर मी काही सांगू शकत नाही.’’ हे वाक्य त्याने घरी येऊन मला सांगितलं आणि मी ते डायरीत लिहून ठेवलं.

त्सुनामी झाली त्यानंतरच्या जानेवारीत वरून कुठूनसं पत्र आलं की प्रत्येक नगरपरिषदेने आपत्कालीन आराखडा तयार करावा. लिपिक आमच्या सोसायटीत आला. तिशीतला, सभ्य मुलगा. एकट्याला सगळं जमत नव्हतं म्हणून मदतीला नागरिक शोधत होता.

‘‘काका, तुम्ही भिंतीवर रेघा मारता ना? तुमच्यासारखा माणूस पाहिजे. बाकीचे मिटिंगला येतात, चहा पितात आणि गटारावर बोलतात.’’

मी दोन कामं घेतली. एक, पाणी भरल्यावर ज्यांना ताबडतोब हलवावं लागेल अशा माणसांची यादी. दुसरं, होड्यांची. पहिल्या यादीत तेवीस नावं झाली. क्रमांक एकला मी वहिनीचं नाव घातलं. तिला सांगितलं तेव्हा ती कांदे चिरत होती.

‘‘पहिला नंबर? भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा आला हो.’’

‘‘आला होता की शाळेत,’’ नवरा आतून म्हणाला, ‘‘फळ्यावर नापासांची नावं लिहायचे तेव्हा.’’

‘‘यांचं ऐकू नका. यांना विचारा, डब्यात आज भाजी पाहिजे की नुसती पोळी?’’

होड्यांची यादी करायला मात्र वेळ लागला. नगरपरिषदेच्या जुन्या फायलीत चौदा होड्यांची नोंद होती. कुणी केली, कधी केली, पत्ता नाही. मला असे आकडे पुढे ढकलता येत नाहीत. फेब्रुवारीत लागोपाठ तीन रविवार मी स्कूटर घेऊन वसईच्या किनाऱ्यावर गेलो. रविवारीच, कारण तिथले बरेचसे मच्छीमार ख्रिस्ती, रविवारी मिस्साला जातात आणि होड्या खाडीत लागलेल्या असतात. चौदातल्या दोन मोडून टाकलेल्या निघाल्या. दोन भावांच्या नावांवर त्याच दोन होड्या दोनदा लिहिल्या होत्या. एक दुसऱ्या बंदरावर विकली गेली होती. उरल्या नऊ. प्रत्येक होडीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नंबर मी स्वतः वाचला, माणसं किती बसतील ते विचारलं, मालकाचा किंवा शेजारच्या दुकानाचा टेलिफोन नंबर घेतला. एवढ्यावर मी थांबलो नाही. प्रत्येकाला मशीन सुरू करून दाखवायला लावलं.

त्यांतला एक नाखवा, म्हणजे होडीचा मालक, माझ्याच वयाचा होता. डोक्याला टॉवेल बांधलेला, अंगाने आडवा. मशीन चालू करून तो माझ्याकडे बघत राहिला.

‘‘झाला समाधान? माझा डिझेल जलतंय, भाऊ.’’

‘‘कागदावर ‘चालू’ लिहायचं तर चालू पाहिलं पाहिजे,’’ मी म्हणालो.

‘‘लिवा. आमची कवाबी चालू. पानी असला की आमी हाव.’’

मी लिहिलं. नऊपैकी नऊ चालू. घरी येऊन शाईने पक्की प्रत केली, पाच रकाने: क्रमांक, मालक, होडीचा नंबर, माणसं, मशीनची स्थिती. तपासल्याची तारीखही खाली घातली. आज ती तारीख वाचली की सगळं तिथेच दिसतं. फेब्रुवारी.

सव्वीस जुलै मंगळवार होता. वहिनी दुपारी अडीचला तयार होऊन बसली. रिक्षा आली, पण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. रिक्षावाला म्हणाला इंजिनात पाणी जाईल. मी त्या दिवशी तापामुळे घरीच होतो. पाच वाजता कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी होतं. सात वाजता तळमजल्यात शिरलं. आम्ही चौघांनी वहिनीला खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी आणलं. तिचा नवरा दोन वेळा खाली जाऊन आला आणि फक्त औषधांचा डबा, तिची फाईल आणि बँकेची पुस्तकं घेऊन आला. रंगाच्या सहाही रेघा त्या संध्याकाळी पाण्याखाली गेल्या.

बुधवारी सकाळी कंपाउंडमध्ये छातीभर पाणी आणि रस्त्यावर त्याहून जास्त. वीज नव्हती. आमचा टेलिफोन मात्र चालू होता. मी आराखड्याची माझी प्रत काढली आणि नगरपरिषदेच्या आपत्कालीन कक्षाला फोन लावला. चौदाव्या वेळी लागला. तोच लिपिक. आदल्या दिवसापासून घरी गेला नव्हता; आवाज बसला होता.

‘‘काका, एकच रबरी बोट आहे. ती पाड्यावर गेलीय, तिथे लोक पत्र्यांवर बसलेत. लहान पोरं आहेत.’’

‘‘मला रबरी बोट नको. यादीतल्या नऊपैकी एक पाठवा. पेशंट आहे, यादीत पहिलं नाव.’’

‘‘निरोप सकाळीच दिलेत. कोणी आलं नाही. काही नंबर लागतच नाहीत.’’ मग तो म्हणाला, ‘‘यादी तुमचीच आहे ना? तुम्ही एकदा बोलून बघा. तुम्हाला ते ओळखतात.’’

मी क्रमाने फोन लावत गेलो. पाचवा लागला. किनाऱ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराने हाक मारून त्याच नाखव्याला बोलावलं. मी कोण ते सांगितलं, काय हवं ते सांगितलं.

‘‘भाऊ, होडी वर हाय.’’

‘‘वर म्हणजे?’’

‘‘वर म्हंजे वालूवर. शाकारून ठेवलीय. पावसाल्यात कोन दर्यात जातो? मशीन खोललाय, मेकॅनिककडं पडलाय. नारली पुनवेच्या आधी कोनाचीबी होडी पान्यात नसते. आख्ख्या किनाऱ्यावर नाय.’’

‘‘पण तुम्ही म्हणाला होतात, कधीही चालू.’’

‘‘तुमी आलेले कवा? तवा सीजन होता.’’ तो रागावला नव्हता. त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं. ‘‘ह्या लहान पोराला बी ठाव असते, भाऊ. आमाला वाटला तुमाला म्हाईत हाय. आमी समजलो दर्यावर काय झाला तर पायजे असेल.’’

मी सतरा वर्षं वसई-विरारमध्ये राहत होतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बाजारात मासे पुन्हा येतात आणि भाव उतरतो हे मला ठाऊक होतं. दर वर्षी जून ते ऑगस्ट आमच्या घरी सुकी मच्छी खाल्ली जायची. मग होड्या त्या तीन महिन्यांत कुठे असतात, हा प्रश्न मला तीन रविवारांत एकदाही पडला नाही. मुख्याधिकाऱ्यांना पडला नाही, अभियंत्याला पडला नाही, नगरसेवकांपैकी एकाचं सासर किनाऱ्यावर होतं त्यालाही पडला नाही. पावसाळ्यातल्या पुरासाठी आम्ही अशी साधनं लिहून ठेवली होती जी फक्त पावसाळ्यातच मिळत नाहीत. मी ती नुसती लिहिली नव्हती, तपासून दिली होती. आठही माणसांनी यादीवर विश्वास ठेवला याचं कारण तपासणीचा तो पाचवा रकाना होता.

फोन ठेवण्याआधी नाखवा म्हणाला, ‘‘मोठी नाय जमत. एक लहान होडी हाय, वल्ह्याची. बघतो. टेम्पो गावला तर बघतो.’’

मी मागे वळलो. वहिनी आमच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. पाय सुजायला लागले होते. तिला दिवसाला पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी चालत नसे. माझी बायको पेल्याने मोजून देत होती.

‘‘काय म्हणाले, भावोजी? कुठे आहेत तुमच्या नऊ होड्या?’’

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही. ‘‘वाळूवर,’’ मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. तिचा नवरा खिडकीशी उभा होता, तो वळला नाही.

‘‘मग वाळू इथे मागवा,’’ वहिनी म्हणाली आणि हसली. हसताना तिला धाप लागली.

दुपारी टेलिफोन बंद पडला.

गुरुवारी आम्ही स्वतः प्रयत्न केला. गॅरेजमधून ट्रकची ट्यूब आणली, तिच्यावर कपाटाची फळी बांधली, फळीवर वहिनीला बसवलं. नवरा, मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघे जण, दोन पुढे आणि दोन मागे. कोपऱ्यापर्यंत पन्नास पावलं गेलो. तिथून पुढे नाला रस्त्याच्या कडेने जातो. नाल्याची कड दिसत नव्हती, पाण्याला ओढ होती आणि पुढचा माणूस एका पावलात गळ्यापर्यंत खाली गेला. कुणीतरी त्याची कॉलर धरली. ट्यूब फिरली. वहिनी ओरडली नाही, तिने फक्त फळी घट्ट धरली. नवरा म्हणाला, ‘‘परत.’’ आम्ही परत आलो. पन्नास पावलं यायला वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी कुठल्याशा मंडळाचे लोक दोरीला धरून आले आणि खिडक्यांतून बिस्किटं आणि केळी देऊन गेले. वसईच्या वाड्यांतली केळी, चांगली पिकलेली. डायलिसिसच्या माणसाला केळं विषासारखं. वहिनीला ते पाठ होतं.

‘‘केळी कुणी पाठवली? नगरपरिषदेने?’’ तिने विचारलं. ‘‘यादीतलं पहिलं नाव कमी करायचं असेल.’’

‘‘गप बस,’’ नवरा म्हणाला. तीन दिवसांतलं त्याचं ते तिला उद्देशून आठवणारं एकच वाक्य. मग त्याने केळ्यांचा फणा उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, आणि येऊन तिचे पाय मांडीवर घेऊन बसला.

शुक्रवारी सकाळी तिला आडवं होता येत नव्हतं. बोलणं तुटक झालं. माझ्या बायकोला तिने एवढंच विचारलं की खालच्या कपाटातल्या साड्या भिजल्या असतील का. बायकोने नाही म्हटलं. पावणेदहाला ती गेली. शुक्रवारची तीनची पाळी अजून पाच तासांवर होती.

नाखवा साडेबाराला आला. सोबत त्याचे दोन भाऊ आणि एक पुतण्या, आणि एक बिननंबरची, दोन वल्ह्यांची लहान होडी. बुधवारी किनाऱ्याचा रस्ताच दोन जागी तुटला होता. गुरुवारी दुपारी टेम्पो मिळाला, तो पापडीच्या पुढे एका मोरीपाशी अडला आणि ती रात्र त्यांनी चर्चच्या ओसरीत काढली. शुक्रवारी पाणी थोडं उतरल्यावर निघाले. रेल्वेपाशी पोचले तेव्हा गाड्या बंदच होत्या; चौघांनी होडी खांद्यावर घेऊन रूळ ओलांडले आणि पूर्वेच्या पाण्यात सोडली. पत्ता विचारत विचारत आले.

त्याने खालूनच हाक मारली, ‘‘भाऊ! पेशंटला घ्या खाली!’’

मी जिन्यात उतरून सांगितलं. तो डोक्याचा टॉवेल काढून हातात घेऊन होडीत तसाच उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘सेंटर चालू हाय. आमी येताना बघून आलो. वर जनरेटर चाललाय.’’

हे त्याने का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित रस्ताभर हेच सांगायचं म्हणून धरून आला असेल. सेंटर पहिल्या मजल्यावर होतं आणि तिन्ही दिवस चालू होतं, हे नंतर मला तिथल्या माणसानेही सांगितलं. पोचू शकले त्यांचं डायलिसिस झालं.

आमच्या बाजूचं स्मशान पाण्यात होतं. वहिनीला त्याच होडीतून रेल्वेपर्यंत नेलं, रूळ पायी ओलांडले आणि पलीकडे टेम्पोत ठेवून पश्चिमेच्या स्मशानात. होडीत नवरा होता आणि मी होतो. नाखवा आणि त्याचा एक भाऊ वल्ही मारत होते. नाल्याच्या कोपऱ्यावर होडीला काहीच झालं नाही, ती सरळ गेली.

पाणी रविवारी उतरलं. त्यानंतरचं सगळं कागदांवर झालं, आणि कागद मला कळतात म्हणून ते मीच केलं.

तळमजल्याचा पंचनामा झाला आणि घरात पाणी शिरलेल्यांना मिळणारी मदत तिच्या नवऱ्याला मिळाली. मृत्यूच्या मदतीचा अर्ज मी लिहिला. उत्तर आलं की मृत्यू जुन्या आजाराने झालेला असून पुराच्या पाण्याने झालेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. दाखल्यावर कारण मूत्रपिंडं निकामी असंच होतं. ते खोटं नव्हतं. मी दुसरा कागद लिहिला. त्यात होड्यांची यादी फेब्रुवारीत केली, ती मी केली, पावसाळ्यात एकही होडी उपलब्ध नसते हे मी तपासलं नाही, म्हणून पेशंटला नेता आलं नाही, असं क्रमाने लिहून खाली सही केली. लिपिकाने तो माझ्यासमोर दोनदा वाचला.

‘‘काका, हे मी घेऊ शकत नाही असं नाही. पोच देतो. पण तुम्ही नोकर नाही, तुमच्यावर काही होणार नाही. आराखडा मंजूर आहे, त्यामुळे साहेबांवर पण काही होणार नाही. हा कागद फायलीत जाईल.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि फायलीत राहील.’’

त्याने पोच दिली. कागद फायलीत राहिला.

ऑक्टोबरात तेरा हजार पाचशे वाटले गेले. यादीतल्या नऊ मालकांना दीड दीड हजार, कारण ठराव हंगामाचा होता आणि होडी आली की नाही हे बघण्याचा रकानाच नव्हता. नाखव्याला त्याच्या मोठ्या होडीचे दीड हजार मिळाले, जी तीन महिने वाळूवर होती. लहान होडी यादीत नव्हती, तिचे काही नाही. चौघांनी तीन दिवस घालवले त्याचं काही नाही, टेम्पोचं भाडं त्यांनी दिलं.

पुढच्या मेमध्ये मी पुन्हा बैठकीला गेलो. नवी यादी मी महिनाभर आधी दिली होती, सहावा रकाना घालून: ‘जून ते ऑगस्ट उपलब्ध नाही’. शेवटी खाडीतल्या तीन लहान, वल्ह्यांच्या होड्यांची नावंही होती. बैठकीत टाइप केलेल्या प्रती वाटल्या. पाच रकाने, नऊ होड्या, नऊ चालू. सहावा रकाना कागदाच्या रुंदीत मावला नाही म्हणून टंकलेखकाने सोडला होता, आणि लहान होड्यांना नंबर नव्हते म्हणून त्या वगळल्या होत्या. मी उभं राहून सांगितलं. नवे मुख्याधिकारी आले होते, ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘‘दुरुस्ती पुढच्या प्रतीत घेऊ.’’ टिपणात तसं लिहिलंही. त्यानंतर मी जायचं सोडलं. पुढची प्रत कधी निघाली का, ते मला माहीत नाही.

तिचा नवरा दिवाळीतच घर विकून गावी गेला होता. माझ्याशी भांडला नाही, यादीबद्दल एक शब्द बोलला नाही. निघताना किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि मीटरचं शेवटचं बिल किती आलं ते विचारलं, एवढंच.

२००६ च्या जूनमध्ये डायलिसिस सेंटरमधून फोन आला. फॉर्मवर दुसरा नंबर माझा होता. वर्षाचा हिशेब करताना त्यांना दिसलं की वहिनीच्या नावाने दहा वेळांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत आणि सहा वेळा झाल्या आहेत. चार वेळांचे, दर वेळेचे साडेनऊशे, तीन हजार आठशे परत घ्यायला कुणीतरी यावं. मी गेलो, सही करून घेतले आणि त्याला मनीऑर्डर केली. अकरा दिवसांनी ती परत आली, ‘घेण्यास नकार’. मागोमाग पोस्टकार्ड आलं. त्यात दोन ओळी होत्या: त्या होडीवाल्याचं भाडं राहिलं आहे, हे त्याला द्यावेत. प्रकृतीची काळजी घ्या.

जुलैतल्या एका रविवारी मी किनाऱ्यावर गेलो. होड्या वाळूवर ओळीने उभ्या होत्या, वर झापांचं आणि ताडपत्रीचं शाकारलेलं. नाखवा घरात जाळं विणत होता. मी कार्ड वाचून दाखवलं आणि पैसे पुढे केले.

‘‘एका फेरीचे एवढे?’’ तो म्हणाला. ‘‘लय हायेत.’’

‘‘त्यांनी एवढेच सांगितलेत.’’

त्याने जाळं बाजूला ठेवलं, हात पुसले, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि आतल्या खोलीत बायकोकडे दिल्या. मग माझ्या वहीतल्या कागदावर, मी सांगितलं तसं, सावकाश लिहून दिलं: होडीभाडे, एक फेरी, रुपये तीन हजार आठशे, मिळाले.